मेळा, जलसा आणि आमच्या गावचं नवीन सभागृह

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त झालं मे महिन्यातल्या गावाकडच्या फेरीचं.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यात. नकाशावर ते सापडेल न सापडेल, पण परतूर स्टेशन नक्की सापडेल. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या रेल्वेवर, जालना सोडलं की पुढे. दरवर्षी उन्हाळ्यात आठ दिवस तरी मी तिकडे जातोच. या खेपेला गेलो तर गावाच्या तोंडाशी एक नवीन इमारत उभी. वर निळे पत्रे, पुढे सिमेंटचा ओटा, ओट्यासमोर मोकळं पटांगण. 'सामाजिक सभागृह' अशी पाटी. जिल्हा परिषदेची शाळा आणि वेशीबाहेरची वस्ती यांच्या बरोबर मधली जागा. बचत गटाच्या बैठका तिथे, लहान मुलांचे डोस तिथे, लग्नंही तिथेच. आणि सुट्टीत रोज संध्याकाळी पाच ते सात नाटकाचा वर्ग. फी नाही. कोणीही यावं.

माझी पुतणी सातवीत आहे. तिला जायचं होतं, आणि त्यावरून घरात दोन दिवस धुसफूस चालू होती. काकांचं म्हणणं, "फुकटात काय शिकवणार? आणि शिकून करायचं काय?" वहिनी म्हणाल्या, "उन्हाचं घरात बसण्यापेक्षा बरंय की." मग काका जरा थांबून म्हणाले, "तिथं सगळेच यायलेत."

त्या 'सगळेच' या शब्दावर कोणी काही बोललं नाही. पण तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी पुतणी गेली, तिच्याबरोबर मीही गेलो, आणि त्या आठ दिवसांत मला आमच्या घरातली एक जुनी वही नव्याने वाचावी लागली. त्याबद्दल हे सगळं. लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी थोडा इतिहास सांगतो. पुण्या-मुंबईकडच्या मित्रांना हा भाग सहसा ठाऊक नसतो.

मराठी नाटकाचा इतिहास म्हटला की आपण १८४३ साल, सांगली, विष्णुदास भावे आणि 'सीतास्वयंवर' इथून सुरुवात करतो. मग नाटक कंपन्या, संगीत नाटक, मुंबई-पुण्याची थिएटरं. मराठवाडा या गोष्टीत फार उशिरा येतो. त्याचं एक साधं कारण म्हणजे मराठवाडा तेव्हा महाराष्ट्रात नव्हताच. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनपर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. सरकारी भाषा उर्दू, विद्यापीठाची भाषा उर्दू, नाणंसुद्धा वेगळं, हाली सिक्का.

आणि एक गोष्ट त्याहूनही मोठी होती. माणसं एकत्र जमणं हेच तिथे सोपं नव्हतं. १९२० च्या दशकात निजाम सरकारने एक परिपत्रक काढलं. परिपत्रकाला तिकडे 'गश्ती' म्हणत, आणि याचा क्रमांक होता त्रेपन्न. 'गश्ती निशान ५३' हे नाव आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडात असं बसलेलं होतं, जसं आपल्या तोंडात '१४४ कलम' बसलेलं आहे. परवानगीशिवाय जाहीर सभा घ्यायची नाही, हा त्याचा अर्थ. आखाडे आणि खासगी शाळा यांच्यावरही परवानगीची बंधनं होती. म्हणजे बघा, चार पोरं एकत्र करून लेझीम शिकवायची म्हटली तरी कोणाला तरी विचारावं लागण्याचा तो काळ.

ब्रिटिश मुलखात सगळा मोकळेपणा होता असं नाही. नाटकांवर बंदी घालता येईल असा कायदा तिथे १८७६ पासून होता, आणि गणपतीच्या मेळ्यांत म्हटल्या जाणाऱ्या पदांवरही पोलिसांचं लक्ष असे. तरीपण फरक होताच. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२२ साली परळला, गिरणगावात, दामोदर हॉल उभा राहिला. दिवसभर गिरणीत राबणारा माणूस संध्याकाळी तिथे नाटकाच्या तालमीला जाऊ शकत होता. कामगार रंगभूमीची कितीतरी माणसं त्या एका जागेने घडवली. (२०२३ मध्ये पुनर्विकासासाठी ते नाट्यगृह बंद झालं तेव्हा केवढी कळकळ व्यक्त झाली, ते आठवत असेल.) साधारण त्याच दशकात आमच्याकडे मात्र जमण्याचीच परवानगी काढावी लागत होती.

मग लोकांनी काय केलं? ज्या जागांना एकदम हात लावणं सरकारला अवघड होतं, त्या धरल्या. देऊळ, वाचनालय आणि गणपती. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ सालचं. औरंगाबादला बळवंत मोफत वाचनालय होतं. ('औरंगाबाद' हेच नाव इथे वापरतोय, कारण ज्या काळाबद्दल लिहितोय त्या काळात तेच होतं. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झालं आहे.) त्या नावातला 'मोफत' हा शब्द मला फार आवडतो. काकांच्या 'फुकट'मध्ये आणि या 'मोफत'मध्ये केवढं अंतर आहे!

गणेशोत्सवाला टिळकांनी १८९३ पासून सार्वजनिक रूप दिलं आणि त्यातून मेळे निघाले. ते लोण निजामाच्या राज्यातही आलं. मेळा म्हणजे काय हे आताच्या मुलांना सांगायला हवं. पंधरा-वीस पोरं, एकसारखा पोशाख, एक पेटी, एक तबला. आधी गणपतीचं नमन, मग नाटकांतल्या गाजलेल्या चालींवर रचलेली पदं, आणि मधेमधे संवाद. एक जण प्रश्न विचारणार, बाकीचे उत्तर देणार. विषय वरवर पौराणिक, पण कंस म्हणजे कोण आणि कारागृह म्हणजे काय हे ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं. अनंत भालेराव यांचं हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावरचं पुस्तक ज्यांनी वाचलंय, त्यांना तो सगळा काळ ठाऊक असेल.

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, अशाच एका मेळ्यात होते. १९३७ साली ते पंधरा वर्षांचे. या सालाचं आणखी एक महत्त्व आहे. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन त्याच वर्षी परतूरला भरलं, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली. पुढे हैदराबादच्या लढ्यात मराठवाड्याचा जो भाग झाला, त्याची एक सुरुवात या अधिवेशनात आहे. विषय वरकरणी साधे, शिक्षण, मातृभाषा, लोकांच्या अडचणी. पण माणसं उघडपणे एकत्र बसली, हेच केवढं तरी होतं. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला.

आबा सांगायचे की ते अधिवेशनाला पाणी वाटायला गेले होते. भाषणातलं त्यांना काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की एक माणूस उभा राहून मराठीत बोलतोय आणि एवढी माणसं गप्प बसून ऐकतायत. "तवा कळलं, मेळ्यात मास्तर आम्हाला कशाला उभं करायलेत," असं ते म्हणायचे.

आबांची मेळ्याची वही आमच्या घरात आहे. लाल फडक्यात बांधलेली, कडा उंदरांनी खाल्लेल्या. पहिली दोन-तीन पानं मोडीत आहेत, पुढची बाळबोध. पदांचे मुखडे, कुठली चाल ते, कोणी कुठे उभं राहायचं त्याच्या खुणा. मास्तरांचे उतारे तर फारच गमतीदार आहेत. 'शब्द गिळू नये.' 'हात खिशात नको.' 'मागच्या ओळीतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे.' आज शहरात हजारो रुपये घेऊन 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हणून जे शिकवतात, ते यापेक्षा फार वेगळं नाही. आणि हे सगळं मोफत. मास्तर एक पैसा घेत नसत. गावातली घरं त्यांना वार लावून जेवायला घालायची. सोमवारी आमच्याकडे, मंगळवारी देशपांड्यांकडे, असं.

शेवटी चौदा पोरांची नावं आहेत. आबांचं सहावं. आबा बाईचं काम करायचे, द्रौपदीचं. त्यांच्या मिशा मी पाहिल्या असल्यामुळे मला ते कधीच डोळ्यांसमोर आणता आलं नाही. असो.

लहानपणापासून ही वही आमच्या घरात अभिमानाने दाखवली जाते. पाहुणे आले की बाहेर निघते. मीही कितीदा मित्रांना तिच्याबद्दल सांगितलंय. "आमच्याकडे बघा, गश्ती त्रेपन्नच्या काळात पोरं नाटक शिकत होती!" त्यात काही खोटं नाही. पण ते पूर्णही नव्हतं, हे मला यंदा कळलं.

सभागृहातल्या वर्गाकडे येतो.

शिकवणारा तरुण शेजारच्याच तालुक्यातला. नाट्यशास्त्र शिकलेला, आता एका ठिकाणी तासिका तत्त्वावर शिकवतो, आणि सुट्टीत मोटरसायकलवर इकडे येतो. पहिल्या दिवशी तीसेक लेकरं आली होती. त्याने नाटकाचं नावही काढलं नाही. सगळ्यांना गोल उभं केलं. गोल केल्यामुळे पुढची रांग आणि मागची रांग असा प्रकारच उरला नाही. मग प्रत्येकाने आपलं नाव पोटातून, मोठ्याने सांगायचं, आणि बाकीच्यांनी ते नाव तसंच परत म्हणायचं. फक्त नाव, आडनाव नाही. मला आधी वाटलं की ही आवाजाची कसरत आहे. आहेच ती. पण आमच्या गावात आडनावाशिवाय नाव उच्चारणं याचा अर्थ काय होतो, हे शहरात वाढलेल्यांना लगेच कळायचं नाही.

मग जोड्या. एक जण आरसा, दुसरा माणूस. माणूस जे करील ते आरशाने हुबेहूब करायचं, थोड्या वेळाने उलट. माझ्या पुतणीची जोडी वस्तीवरच्या एका मुलीबरोबर लागली. दोघी एकाच वर्गात आहेत, शाळेत वेगवेगळ्या बाकांवर बसतात. दहा मिनिटं एकमेकींच्या डोळ्यांत बघून हात हलवताना आधी हसू आवरेना, मग दोघी इतक्या गंभीर झाल्या की बघतच राहावं.

पटांगणाच्या कडेला कडुनिंबाखाली एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन बसायचे. त्यांची नातही वर्गात होती. मी त्यांना मामा म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी गप्पा निघाल्या. मी अर्थातच आबांचा मेळा सुरू केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठावं हाय की. आमचा बाप होता त्या मेळ्यात."

मी म्हटलं, "कसं शक्य आहे? वहीत चौदा नावं आहेत, मला पाठ आहेत."

"नाव नसंल," ते शांतपणे म्हणाले. "हलगी वाजवायला होता. मिरवणुकीच्या म्होरं. देवळापत्तर. म्होरं नाई."

तालीम विठ्ठलाच्या देवळाच्या सभामंडपात व्हायची. त्यांचे वडील तेव्हा पोरसवदा. मिरवणुकीच्या तालमीला बोलावलं की हलगी घेऊन यायचे आणि सभामंडपाच्या भिंतीपाशी बाहेर थांबायचे. दोन महिने रोज. आत मास्तर शिकवायचे, बाहेर हे ऐकायचे. "समदा मेळा पाठ होता त्यायला. तुमच्या आज्याच्या द्रौपदीसकट." आणि मग हसून, "ते काम आमच्या बापानं बरं केलं असतं म्हणायचा."

घरी येऊन मी वही उघडली. नावांच्या यादीनंतर एक खर्चाचं पान आहे. ते मी आधी पाहिलेलं होतं, पण वाचलेलं नव्हतं. काजळ, पिवडी, गॅसबत्तीचं रॉकेल, पताकांचा कागद. आणि मधे एक ओळ, 'हलगी, चार आणे हाली.' माणसाचं नाव नाही. रॉकेलच्या खाली आणि कागदाच्या वर.

मंडळी, मला त्या रात्री झोप लागली नाही असं काही म्हणणार नाही. झोप लागली. पण सकाळी उठल्यावर पहिला तोच विचार आला.

आमच्याकडे फुकट शिकवणं नवीन नाही. भजन फुकट, लेझीम फुकट, मेळा फुकट. पैठणचे एकनाथ आमच्यापासून फार लांबचे नाहीत. त्यांचं भारूड म्हणजे तर चौकातलं फुकट नाटकच. शिकवणारे होते, शिकणारे होते. नव्हती ती जागा, सगळ्यांना आत येता येईल अशी. निजामाची गश्ती आम्हाला आडवी येत होती हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण सभामंडपाच्या पायरीवर एक गश्ती आमचीही होती. तिला नंबर नव्हता आणि ती कोणी लिहूनही काढली नव्हती, त्यामुळे तिच्याविरुद्ध आमच्या घरात कोणी सत्याग्रह केला नाही.

बाहेर ठेवलेल्या माणसांनी अर्थातच वाट बघत बसणं सोडून दिलं. सत्यशोधक जलसे आधीपासून होते. १९३० च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. साचा तमाशाचा, ढोलकी तीच, पण बोल शिक्षणाचे, हक्कांचे. त्यांना सभामंडप लागत नव्हता, एक कंदील आणि एक मोकळी जागा पुरत होती. निजामाच्या राज्यात त्यांना जमणं दुहेरी अवघड. कन्नडजवळ मक्रणपूरला ३० डिसेंबर १९३८ रोजी भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद झाली आणि बाबासाहेब स्वतः तिथे आले. परतूर १९३७ आणि मक्रणपूर १९३८. दीड-पावणेदोन वर्षांच्या आत मराठवाड्यात दोन ठिकाणी माणसं जमण्याचा हक्क बजावत होती. शाळेच्या पुस्तकात मला फक्त पहिलं भेटलं होतं. दुसरं मी फार उशिरा वाचलं.

मामांचे वडील पुढे, हैदराबाद मुक्त झाल्यावर, एका जलशात गायला लागले. "चाल तुमचीच," मामा म्हणाले, "बोल आमचे." भिंतीबाहेर ऐकलेल्या मेळ्याच्या चाली त्यांनी जलशात नेल्या! म्हणजे आमच्या मास्तरांचा सगळ्यात चांगला विद्यार्थी कोण होता, हे मास्तरांना कधी कळलंच नाही.

यानंतरचा इतिहास म्हणजे एकेक जागा तयार होण्याचा इतिहास आहे. १९५० साली औरंगाबादला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय सुरू झालं, पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं ते. खेड्यांतून आलेली, घरात पहिल्यांदाच शिकणारी पोरं तिथे आली. म. भि. चिटणीस यांनी तिथल्या स्नेहसंमेलनासाठी 'युगयात्रा' नाटक लिहिलं, ते बाबासाहेबांसमोर झालं, आणि १९५६ साली नागपूरला धर्मांतराच्या वेळी लाखोंच्या समुदायासमोर त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचा विचार करताना या नाटकापासून सुरुवात करतात ते उगाच नाही. ज्यांना सभामंडपाची पायरी बंद होती, त्यांनी एक मैदानच रंगमंच केलं.

१९५४ पासून सरकारच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या आणि हौशी नाटकवाल्यांना वर्षातून एकदा तरी नाटक बसवायला कारण मिळालं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. १९७३ मध्ये तिथे नाट्यशास्त्र विभाग सुरू झाला. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून आलेले कमलाकर सोनटक्के यांनी तो उभा केला. तोपर्यंत आमच्याकडे नाटक म्हणजे गणपतीतलं किंवा गॅदरिंगमधलं. ते रीतसर शिकता येतं, त्याची पदवी असते, हेच आमच्या भागाला नवीन होतं. पुढे याच विभागात डॉ. रुस्तुम अचलखांब यांनी शिकवलं. खेड्यात, जातीचे चटके सोसत वाढलेला माणूस. 'गावकी' हे त्यांचं आत्मकथन ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा. तमाशाकडे आणि आंबेडकरी शाहिरीकडे अभ्यासाचा विषय म्हणून बघायला त्यांनी शिकवलं. गावाबाहेरची कला विद्यापीठात नेणं, हे एका माणसाच्या आयुष्यात झालं.

हे सगळं सरळ रेषेत झालं असं मात्र समजू नका. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात, १ मे १९८१ रोजी, जालना जिल्हा झाला आणि परभणी जिल्ह्यातला आमचा परतूर तालुका त्यात आला. त्या काळाबद्दल आमच्या घरात फारसं बोललं जात नाही. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "तवा कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं." एवढंच.

आणि म्हणून काकांचं ते 'सगळेच यायलेत' मला महत्त्वाचं वाटतं. काकांनी ते तक्रार म्हणून म्हटलं. पण ऐंशी-नव्वद वर्षांच्या इतिहासात आमच्या गावाबद्दल हे वाक्य पहिल्यांदाच खरं झालंय!

असे प्रयत्न इतरत्रही चालतात. ठाण्यात रत्नाकर मतकरी यांनी २०१४ पासून 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. झोपडपट्टीतल्या मुलांना कोणाचं तरी नाटक पाठ करायला लावण्याऐवजी त्यांचंच जगणं त्यांना नाटकात मांडायला लावायचं, ही त्यामागची कल्पना. मतकरी २०२० मध्ये गेले. पण ती पद्धत किती कामाची आहे ते मला आमच्या सभागृहात दिसलं. सहाव्या दिवशी त्या तरुणाने मुलांना विचारलं, "तुमच्या गावात रोज घडतं असं काहीतरी करून दाखवा." मुलांनी काय निवडावं? पाण्याचा टँकर. २०१२-१३ चा दुष्काळ या लेकरांनी पाहिलेला नाही, पण टँकर त्यांना नवीन नाही. एक मुलगा टँकर झाला, दुसरा ड्रायव्हर, बाकीचे घागरी घेऊन रांगेत. रांग कशी लागते, मधे कोण घुसतं, कोणाची घागर बाजूला सरकवली जाते, सगळं त्यांनी हुबेहूब केलं. मोठ्या माणसांच्या आवाजात. बघायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि मग एकदम हसणं थांबलं. कारण रांगेत मागे सरकवली जाणारी बाई माझ्या पुतणीने केली होती, आणि तिला ढकलणारी बाई केली होती वस्तीवरच्या तिच्या मैत्रिणीने. मुलांनी चिठ्ठ्या टाकून कामं वाटली होती. तशी निघाली.

काका त्या दिवशी आले होते. मागे, मोटरसायकलवरच बसून बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, "पोरगी बरं बोलली. मागपर्यंत ऐकू आलं." मला मास्तरांची म्हातारी आठवली.

आता दोन काळज्या. एक, या सभागृहाला कुलूप आहे आणि त्याची किल्ली एका घरात असते. दोनदा वर्ग ओट्यावर घ्यावा लागला, कारण किल्लीवाले परगावी गेले होते. लग्नसराईत तर वर्ग सरळ पटांगणात. जागा सगळ्यांची असली तरी किल्ली कोणाकडे असते, कोण मागू शकतो आणि कोणाला मागायला संकोच वाटतो, हे बघावं लागतं. गश्ती गेली म्हणून परवानगी गेली असं नाही. दुसरी, शिकवणारा. लेकरांसाठी हे मोफत आहे, त्याच्यासाठी नाही. पेट्रोल त्याच्या खिशातून जातं. मास्तरांना गावाने निदान वार लावून जेवायला तरी घातलं होतं. याला आम्ही सात दिवसांत दोनदा चहा पाजला.

निघायच्या आदल्या दिवशी मी वही घेऊन मामांकडे गेलो. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो, हेही लिहून टाकतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, आणि आमच्या घरापासून ते घर चालत सात मिनिटांवर आहे. त्यांना खर्चाचं पान दाखवलं. त्यांना वाचता येतं. चष्मा लावून त्यांनी ती ओळ वाचली आणि म्हणाले, "चार आणे? बाप तर दोनच सांगायचा." आणि जोरात हसले. मी त्यांना वडिलांचं नाव विचारलं. आबांच्या वहीत आजवर आमच्यापैकी कोणी काही लिहिलेलं नाही, म्हणून घरी येऊन आधी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "पेन्सिलीनं नको, शाईनं लिही." 'हलगी'च्या पुढे ते नाव लिहिलं. नाव इथे देत नाही, त्यांच्या घरच्यांना तसं विचारलेलं नाही. गावाकडे आलात तर वहीत बघा.

काका, हे वाचून तुमचा फोन येणार हे मला माहीत आहे. जरूर करा. फक्त त्याआधी एक करा. शाळा सुरू झाल्यावर वर्ग दर रविवारी ठेवायचा विचार आहे, आणि त्या पोराच्या रविवारच्या जेवणाचं अजून कुठे ठरलेलं नाही. पहिला वार आपल्याकडे लावता येईल का, तेवढं काकूंना विचारा.